पहिल्यांदा वेगळे राहायला जाताना

घरात राहत असताना बरीच कामे आपोआप होतात असे वाटते. नळाला पाणी असते, विजेचे बिल भरलेले असते, कपाटात धुतलेले कपडे सापडतात आणि औषधांच्या डब्यात तापाची गोळी असते. माझ्या पहिल्या स्वतंत्र खोलीत तिसऱ्या आठवड्यात बेसिनवरचा साबण झिजत झिजत इतका पातळ झाला की त्यातून बोट दिसू लागले, आणि तरीही मी दोन दिवस तीच चकती हातावर घासत राहिलो. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की नवा साबण कोणीतरी आणून ठेवील याची मी नकळत वाट पाहत होतो. ते ‘कोणीतरी’ आता मीच होतो. त्या ‘कोणीतरी’ची कामे कोणती, ती कोणत्या क्रमाने हातात घ्यावीत आणि कुठे फसगत होते, हे या लेखात मांडले आहे. शिक्षण, नोकरी किंवा नुसतीच वेगळे राहण्याची इच्छा, कारण कोणतेही असले तरी ज्यांनी आजवर स्वतः घर चालवलेले नाही त्यांच्यासाठी तो आहे.

एक अपवाद आधीच नोंदवतो. घरात मारहाण, छळ किंवा जबरदस्ती होत असेल, तर पुढे दिलेली तीन महिन्यांची तयारी करत बसू नये. अशा वेळी मूळ कागदपत्रे, स्वतःच्या ताब्यातले थोडे पैसे, नेहमीची औषधे आणि विश्वासातल्या एका व्यक्तीकडे राहण्याची सोय एवढे जमले की बाहेर पडावे. बाकीचे सगळे मागाहून शिकता येते.

निघण्यापूर्वीचे तीन महिने

वेगळे राहण्याची खरी सुरुवात जुन्या घरातच होते. एक वही घ्या आणि आठवडाभर घरात जे जे घडते ते कोण करते याची नोंद करा: कचरा कोण बाहेर नेऊन ठेवते, किराणा संपल्याचे कोणाच्या लक्षात येते, कोणते बिल कोणत्या तारखेला भरले जाते, नळ गळू लागला तर कोणाला फोन केला जातो. आठवड्याच्या शेवटी ही यादी वाचताना आपले नाव किती ठिकाणी आले आहे हे पाहिले, की आपली तयारी किती आहे हे कोणी सांगावे लागत नाही.

त्यानंतर त्या यादीतली कामे एकेक करून स्वतःकडे घ्या. पहिल्या पंधरवड्यात स्वतःचे कपडे धुणे, वाळत घालणे आणि इस्त्री करणे. मग आठवड्यातून दोन दिवस सर्वांचा स्वयंपाक. मग घरातले एखादे बिल दरमहा भरण्याची जबाबदारी. आणि शेवटी डॉक्टरांची, बँकेची, सरकारी कार्यालयातली स्वतःची कामे कोणालाही बरोबर न घेता करणे. चुका इथेच होऊ द्याव्यात, कारण इथे करपलेल्या भांड्याला आणि चुकलेल्या तारखेला सांभाळून घेणारे कोणी असते. मला विचाराल तर यातली सर्वांत कठीण परीक्षा स्वयंपाकाची नसून आठवणीची असते. घरच्यांना एक महिनाभर कशाचीही आठवण करून न देण्याची विनंती करावी आणि त्या महिन्यात काय काय राहून गेले ते पाहावे.

याच काळात कागदपत्रे एका फाइलमध्ये आणावीत. जन्माचा दाखला, ओळखपत्रे, गुणपत्रिका, बँकेची कागदपत्रे, विम्याची पॉलिसी, लसीकरणाची नोंद आणि चष्म्याचा नंबर किंवा जुन्या आजाराचे कागद यांची मूळ प्रत कुठे आहे हे अनेकांना पंचविशीतही ठाऊक नसते. प्रत्येक कागदाची स्कॅन केलेली प्रत दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवावी आणि एक छापील संच घरच्यांकडे राहू द्यावा. आपला रक्तगट, कशाची ॲलर्जी आहे आणि घराण्यात मधुमेह, हृदयविकार यांसारखे आजार कोणाला आहेत, हेही याच वेळी विचारून लिहून घ्यावे. डॉक्टर हे प्रश्न पहिल्याच भेटीत विचारतात.

पैशाचा हिशोब

बहुतेकांचा हिशोब चुकतो तो भाड्यात नव्हे, तर भाड्याच्या आजूबाजूच्या गोष्टींत. म्हणून तीन वेगळ्या याद्या कराव्यात. पहिल्या यादीत एकदाच येणारा खर्च असतो: डिपॉझिट, पहिल्या महिन्याचे आगाऊ भाडे, दलाली असल्यास ती, सामान नेण्याचे भाडे आणि गादी, भांडी, बादली, पडदे अशा वस्तू. दुसऱ्या यादीत दरमहा येणारा खर्च असतो. तिसरी यादी सहसा कोणी करतच नाही, ती वर्षातून एकदोनदा येणाऱ्या खर्चाची: विम्याचा हप्ता, शुल्क, घरी जाण्यायेण्याचा प्रवास, दातांचे उपचार, फोन बिघडणे, एखाद्याच्या लग्नाचा आहेर. या तिसऱ्या यादीच्या बेरजेला १२ ने भागून येणारी रक्कम दरमहा बाजूला ठेवली, तर त्या महिन्यात आभाळ कोसळत नाही.

उदाहरणादाखल महिन्याचे उत्पन्न १०० मानू. त्यातले ३० भाड्याला, २० खाण्यापिण्याला, ८ प्रवासाला, ७ वीज, पाणी, फोन व इंटरनेट यांना आणि ८ त्या तिसऱ्या यादीला गेले, तर अटळ खर्च ७३ होतो. अडीअडचणीसाठी १० बाजूला ठेवले की कपडे, मित्रमंडळी आणि हौस यांसाठी १७ उरतात. भाडे ३० ऐवजी ४५ झाले, तर हौसेचे जवळजवळ सगळेच पैसे त्यात जातात. भाडे उत्पन्नाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आत असावे असे म्हणतात ते यासाठीच. मोठ्या शहरांत हे जमत नाही हे खरे आहे, पण मग आपण नेमके कशावर पाणी सोडत आहोत ते आधीच कागदावर दिसले पाहिजे.

आता अडीअडचणीच्या निधीकडे पाहू. तो किमान तीन महिन्यांच्या अटळ खर्चाइतका असावा, म्हणजे वरच्या उदाहरणात २१९. वेगळे राहू लागल्यावर दरमहा १० वाचवत गेलात तर तिथे पोहोचायला २२ महिने लागतील. घरीच राहून दरमहा ४० वाचवलेत तर साडेपाच महिन्यांत काम होईल. कमाई सुरू झाल्यावर लगेच बाहेर पडण्याऐवजी काही महिने थांबणे याला पुष्कळ जण पळपुटेपणा समजतात. मला तो चोख व्यवहार वाटतो, कारण गाठीला पैसा असलेला माणूस वाईट घरमालकाला आणि वाईट नोकरीला नाही म्हणू शकतो.

क्रेडिट कार्डाबाबत एकच आकडेमोड लक्षात ठेवावी. दरमहा ३ टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटते, पण ते चक्रवाढीने लागत असल्याने १०० ची थकबाकी वर्षभरात १४२ च्या पुढे जाते. बिलावर छापलेली ‘किमान रक्कम’ भरली की काम झाले असे समजू नये; किमान रक्कम ५ टक्के आणि व्याज ३ टक्के असेल, तर मूळ कर्जातले जेमतेम २ टक्केच फिटतात. पूर्ण बिल भरता येत नसेल त्या महिन्यापासून कार्ड खिशातून काढून कपाटात ठेवावे.

खोली पाहताना

खोली एकदा दिवसा आणि एकदा रात्री पाहावी. दिवसा ऊन, वारा आणि भिंतींची ओल दिसते; रात्री रस्त्यावरचे दिवे, शेजारचा गोंगाट आणि एकट्याने परतताना वाटणारी भीती किंवा निर्धास्तपणा कळतो. कामाच्या ठिकाणापर्यंतचा प्रवास सुट्टीच्या दिवशी नव्हे, तर प्रत्यक्ष कामाच्या वेळेला करून पाहावा. आत गेल्यावर संकोच न करता सगळे नळ एकदम सोडून पाण्याचा दाब पाहा, संडासातले पाणी सोडून बघा, प्रत्येक खिडकी उघडून लावून पाहा, चार्जर घेऊन जाऊन प्रत्येक सॉकेट तपासा आणि पलंग जिथे असणार तिथे उभे राहून फोनला रेंज येते का ते पाहा. एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर त्या रंगाखाली काय आहे याचा विचार करावा, कारण ओल रंगाने झाकता येते, बुजवता येत नाही. आधीचा भाडेकरू भेटला तर त्याला एकच प्रश्न विचारावा: काही बिघडले की दुरुस्ती किती दिवसांत होते? घरमालकाचा स्वभाव त्या उत्तरात कळतो.

खोली प्रत्यक्ष पाहण्याआधी एक पैसाही देऊ नये. आपण परगावी असल्याचे सांगून, छायाचित्रे दाखवून आणि ‘आगाऊ रक्कम भरली की किल्ली पाठवतो’ असे म्हणून फसवण्याचा प्रकार जवळपास सगळीकडे चालतो, आणि त्यात सापडतात ते बहुधा दूरच्या गावाहून येणारे, घाईत असलेले तरुण. भाडे आसपासच्या दरापेक्षा फारच कमी असेल, समोरची व्यक्ती भेटायला टाळत असेल आणि ‘दुसरे गिऱ्हाईक तयार आहे’ म्हणून घाई करत असेल, तर तिथून माघारी फिरावे.

करार, आणि करारापेक्षाही छायाचित्रे

भाडेकरार हा वाचण्याचा कागद आहे, नुसता सही करण्याचा नव्हे. तो एक दिवस आधी मागून घ्यावा आणि घरातल्या एखाद्या अनुभवी माणसासोबत बसून ओळ न ओळ वाचावा. डिपॉझिट किती, ते किती दिवसांत परत मिळेल आणि कोणत्या कारणासाठी कापले जाईल. खोली सोडताना किती दिवस आधी नोटीस द्यावी लागेल. मुदत संपण्याआधी सोडल्यास काय भरावे लागेल. भाडे कधी व किती वाढेल. नळ, गीझर, वायरिंग यांची दुरुस्ती कोणाकडे. पाहुणे राहू शकतात का. या प्रश्नांची उत्तरे करारात शब्दांत लिहिलेली असली पाहिजेत. ‘ते आपण बघून घेऊ’ हे तोंडी आश्वासन, देणारा कितीही सज्जन असला तरी, भांडणाच्या दिवशी उपयोगी पडत नाही. अनेक जण मिळून एका करारावर सही करत असाल, तर एखादा मध्येच निघून गेल्यास त्याच्या वाट्याचे भाडे इतरांना भरावे लागेल का, हे वाचायला विसरू नका. बऱ्याच करारांत ते भरावे लागते. भाडेकरूंच्या हक्कांचे कायदे देशागणिक, कधी राज्यागणिक बदलतात, त्यामुळे सही करण्याआधी आपण राहतो तिथला नियम माहीत करून घ्यावा.

माझ्या पहिल्या खोलीच्या भिंतीवर खिडकीखाली हाताच्या पंजाएवढा तपकिरी डाग होता. राहायला गेलो त्या दिवशी मी तो पाहिला, कपाट सरकवून त्याच्यापुढे ठेवले आणि विसरून गेलो. दोन वर्षांनी खोली सोडताना कपाट हलले, डाग दिसला आणि डिपॉझिटमधून संपूर्ण भिंतीच्या रंगाचे पैसे कापले गेले. डाग आधीपासून होता हे मी सांगितले. मालकांनी शांतपणे विचारले, ‘काही पुरावा आहे का?’ नव्हता. तेव्हापासून मी सामान आत नेण्यापूर्वी रिकाम्या खोलीत फोन घेऊन फिरतो: प्रत्येक भिंत, फरशीचा फुटलेला कोपरा, दाराची कडी, नळाखालचा गंज, गादीची दोन्ही बाजू आणि विजेच्या मीटरचा आकडा, या सगळ्यांची छायाचित्रे काढतो आणि त्याच दिवशी मालकांना पाठवून ‘खोली या स्थितीत ताब्यात घेतली’ अशी एक ओळ लिहितो. त्या एका ओळीमुळे तारीख नोंदली जाते, आणि पुढे वाद झालाच तर दोघांनाही त्या तारखेकडे बोट दाखवता येते.

सामान आणि पहिला दिवस

सामान कमी न्यावे. पहिल्या रात्रीला अंथरूण, टॉवेल, साबण, एक दिवा, पिण्याचे पाणी, चार्जर, नेहमीची औषधे, कुलूप, कात्री आणि स्क्रूड्रायव्हर पुरतो. बाकीच्या वस्तू महिनाभर राहिल्यावर, कशाची खरोखर गरज पडते ते पाहून घ्याव्यात. ‘लागेल’ म्हणून घेतलेल्या वस्तू पुढच्या खोलीत न उघडलेल्या खोक्यांतून जातात.

खोलीत पोहोचल्यावर सामान लावण्याआधी तीन गोष्टी शोधाव्यात: पाण्याचा मुख्य कॉक, विजेचा मुख्य स्विच व एमसीबी (विजेचा भार जास्त झाला की आपोआप खाली पडणारा स्विच), आणि गॅस असल्यास त्याचा व्हॉल्व्ह. नळ तुटून पाणी उसळू लागले की कॉक शोधायला वेळ मिळत नाही, म्हणून तो आजच एकदा बंद करून उघडून पाहावा. जुना कॉक गंजून घट्ट बसलेला असतो, आणि ते कोरड्या फरशीवर उभे असतानाच कळलेले बरे. वीज अचानक गेली आणि शेजाऱ्यांकडे दिवे असतील, तर आधी सगळी उपकरणे बंद करावीत, खाली पडलेला एमसीबी वर करावा आणि मग एकेक उपकरण लावत जावे; ज्याच्या वेळी तो पुन्हा पडेल त्या उपकरणात दोष आहे. काहीही न लावता तो पडत असेल, तर वायरमनला बोलवावे, हट्टाने पुन्हा पुन्हा वर करू नये. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते; व्हॉल्व्ह बंद करून, दारे-खिडक्या उघडून बाहेर यावे आणि फोन बाहेरूनच करावा. आधीच्या भाडेकरूकडे किल्ल्या राहिल्या असण्याची शक्यता असते, म्हणून मालकांच्या परवानगीने कुलूप बदलावे.

विजेचे बिल हे गूढ राहू देऊ नये. १,००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. म्हणजे २,००० वॅटचा गीझर अर्धा तास चालवला तरी एक युनिट, आणि १० वॅटचा एलईडी दिवा १०० तास जळाला तरी एकच युनिट. घरोघरी दिवे बंद करण्यावरून बोलणी होतात, पण बिल वाढवतात ती मुख्यतः गरम किंवा गार करणारी यंत्रे. आपल्या उपकरणांवरचे वॅटचे आकडे पाहून एकदा स्वतः हिशोब मांडला, की पुढच्या महिन्याचे बिल साधारण आधीच सांगता येते.

स्वयंपाकघर

रोजच्या खाण्यासाठी चार-पाच पदार्थ पुरे असतात. त्यातला एक वीस मिनिटांत होणारा असावा, एक दोन दिवस टिकणारा, एक आजारपणात पचणारा आणि एक पाहुण्यांपुढे ठेवता येईल असा. निघण्यापूर्वी ते घरच्या स्वयंपाकघरात प्रमाण मोजून करावेत आणि प्रमाण लिहून घ्यावे. ‘अंदाजाने घाल’ हे ज्यांचा हात बसला आहे त्यांचे मोजमाप आहे. नवशिक्याने ते अंदाज चमच्यात मोजून घ्यावेत. सोमवारी खरेदी करून बुधवारी बाहेरून मागवणारा नवशिका भाज्या सडवतो आणि पैसेही घालवतो, त्यामुळे पहिले काही महिने एका वेळी तीनच दिवसांचे सामान आणावे.

अन्न टिकवण्याबाबत काही आकडे मात्र पाठ असावेत. फ्रिजचे तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी आणि फ्रीझरचे उणे १८ अंश असावे. शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि उन्हाळ्याच्या कडाक्यात एक तासही पुष्कळ झाला. फ्रिजमधले शिजवलेले अन्न तीन-चार दिवसांत संपवावे आणि पुन्हा गरम करताना वाफा निघेपर्यंत आतून तापवावे. वास आला नाही म्हणजे अन्न चांगले आहे असे नसते. विषबाधा करणारे पुष्कळ जंतू वास किंवा चव बदलत नाहीत. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नये, आच बंद करून झाकण ठेवावे.

साफसफाईबद्दल फार सांगण्यासारखे नाही: रोज ओटा पुसावा आणि भांडी घासावीत, आठवड्यातून एकदा फरशी आणि न्हाणीघर धुवावे, चादरी-उशांचे अभ्रे एक-दोन आठवड्यांनी बदलावेत. एवढे मात्र विसरू नये की ब्लीच आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र झाल्यास क्लोरीन वायू तयार होतो, आणि ब्लीच अमोनिया असलेल्या द्रावणात मिसळले तरी विषारी वायू निघतात. ‘दोन्ही टाकले की जास्त स्वच्छ होईल’ या समजुतीने लहानशा, बंद न्हाणीघरात घुसमटून रुग्णालयात पोहोचायची वेळ येते.

आजारपण

एकटेपणा खऱ्या अर्थाने जाणवतो तो तापाच्या पहिल्या रात्री. म्हणून आजारी पडण्याची वाट न पाहता, पहिल्याच आठवड्यात जवळचा दवाखाना, रात्री उघडे राहणारे औषधाचे दुकान आणि अपघात विभाग असलेले रुग्णालय शोधून ठेवावे. आपत्कालीन क्रमांक कागदावर लिहून दारामागे लावावेत. अनेक देशांत ११२ हा क्रमांक चालतो, पण आपण राहतो तिथला नेमका क्रमांक खात्री करून घ्यावा.

डब्यात थर्मामीटर, पॅरासिटामॉल, जलसंजीवनीची पाकिटे, जखमेसाठी पट्ट्या व जंतुनाशक आणि स्वतःची नेहमीची औषधे असावीत. पॅरासिटामॉलची प्रौढांसाठीची कमाल मात्रा २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या असते. दोन मात्रांत किमान चार तासांचे अंतर हवे, आणि वजन कमी असणाऱ्यांनी, यकृताचा त्रास असणाऱ्यांनी किंवा नियमित मद्य घेणाऱ्यांनी ही मर्यादा डॉक्टरांना विचारून ठरवावी. सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, त्यामुळे दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या घेऊन नकळत दुप्पट मात्रा होते. पाकिटावरची बारीक अक्षरे वाचण्याची सवय यासाठीच लावायची. मित्राकडे उरलेले अँटिबायोटिक घेऊ नये. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि अँटिबायोटिकचा विषाणूंवर परिणाम होत नाही.

जुलाब लागले आणि जलसंजीवनीचे पाकीट हाताशी नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पीत राहावे. भाजल्यास तो भाग वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरावा. बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये. छातीत दुखणे, श्वास लागणे, चेहरा किंवा अंगाची एक बाजू लुळी पडणे, बोलणे अडखळणे, रक्त न थांबणे किंवा भान हरपत चालल्यासारखे वाटणे, यांतले काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये आणि शेजाऱ्याचे दार वाजवायला लाजू नये. त्यासाठी शेजाऱ्याचे नाव आधीच माहीत असले पाहिजे. पहिल्या आठवड्यात जाऊन ओळख करून घ्यावी आणि आपल्या घरचा एक फोन नंबर त्यांच्याकडे देऊन ठेवावा.

एका छताखाली अनेक जण

मित्र चांगला असणे आणि त्याच्यासोबत राहता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मैत्री तुटते ती मोठ्या मतभेदांवरून क्वचितच; ती तुटते सिंकमधल्या भांड्यांवरून, मध्यरात्रीच्या गाण्यांवरून आणि ‘मागच्या वेळीही मीच भरले होते’ या वाक्यावरून. म्हणून एकत्र राहायला जाण्यापूर्वी एक संध्याकाळ फक्त याच बोलण्यासाठी काढावी आणि भाडे सारखे वाटायचे की खोलीच्या आकाराप्रमाणे, सामायिक वस्तू कोणत्या, पाहुणे किती दिवस, झोपेची वेळ कोणती, सफाईची पाळी कशी, हे ठरवून लिहावे. सामायिक खर्चासाठी एकच पत्रक ठेवावे आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला हिशोब मिटवावा. उधारी दोन महिने राहिली की मागणाऱ्यालाच अपराधी वाटू लागते. तक्रार असेल तर ती फ्रिजवर चिठ्ठी चिकटवून सांगू नये. दोन मिनिटांच्या बोलण्याने जे मिटले असते ते चिठ्ठीमुळे आठवडाभर चिघळते.

घरच्यांशी

आई-वडिलांना वाटणारी काळजी आणि त्यांचा रोजचा चौथा फोन यांतला फरक ओळखावा. फोनची वेळ ठरवून घेतली आणि ती कसोशीने पाळली, तर मधले फोन हळूहळू कमी होतात. टाळाटाळ केली तर ते वाढतात. घरून पैसे घ्यावे लागले तर ते मदत म्हणून आहेत की उसने, आणि उसने असतील तर कधी परत करायचे, हे घेतानाच स्पष्ट करावे. अडचण लपवून ठेवणे हे स्वावलंबन नव्हे. भाडे थकणार असे दिसताच घरच्यांना आणि मालकांना आधी सांगितले, तर मार्ग निघतो. थकल्यावर कळले तर दोन्हीकडचा विश्वास जातो.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत सुट्टीच्या संध्याकाळी मन खाली बसते. हे बहुतेकांना होते आणि बहुधा ओसरते. त्या संध्याकाळसाठी काहीतरी आधीच ठरवून ठेवावे: पोहायला जाणे, वाचनालय, कोणाला तरी जेवायला बोलावणे, आठवड्याचे कपडे धुणे. मात्र झोप उडाली, खावेसे वाटेनासे झाले, कशातच रस उरला नाही आणि ही अवस्था दोन आठवड्यांहून अधिक राहिली, तर ती घराची आठवण म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावी.

पहिली खोली सोडताना

ही वेळ एक-दोन वर्षांत येतेच, आणि नवशिके नेमके इथे पुन्हा ढिले पडतात. नोटीस लेखी द्यावी आणि करारात लिहिलेल्या मुदतीच्या काही दिवस आधीच द्यावी. बँक, कार्यालय, विमा, ओळखपत्रे यांतला पत्ता बदलावा. वीज व इंटरनेटची जोडणी आपल्या नावावर असेल तर ती बंद करून शेवटच्या बिलाची पावती घ्यावी, नाहीतर पुढच्या भाडेकरूचा गीझर आपल्या खर्चाने तापत राहतो. सामान हलवल्यावर रिकाम्या खोलीत पुन्हा फोन घेऊन फिरावे आणि पहिल्या दिवशीच्या क्रमानेच छायाचित्रे काढावीत, म्हणजे दोन्ही संच शेजारी ठेवून पाहता येतात. मीटरचा आकडा टिपावा, मालकांना खोली आपल्यासमोर पाहायला सांगावे आणि किती किल्ल्या परत दिल्या हे तारखेसह त्यांच्याकडून लिहून घ्यावे. कपाटे मात्र त्याआधी भिंतीपासून हलवून पाहावीत.